व्हीसीआरचा आवाज नेमका कुठे बसतो?

व्हीसीआरमध्ये, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात, कॅसेट घातली, चित्र स्वच्छ आलं, पण आवाज नाही. कधी आवाज येतो, पण तोंडावर उशी धरून बोलल्यासारखा. कधी बोलण्याच्या मागे सारखी घरघर चालू असते. असं झालं की बहुतेक जण हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, साफ करणारी कॅसेट फिरवतात, आणि तिने काही झालं नाही की झाकण काढून दिसेल तो स्क्रू फिरवतात. पहिल्या उपायाने बरेचदा काहीच साधत नाही. दुसऱ्याने चांगलं यंत्रसुद्धा बिघडतं.

व्हीएचएस, म्हणजे घरगुती वापराच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये, आवाज एकाच जागी असतो असं नाही. तो दोन जागी, दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी साठवलेला असू शकतो. त्यातला कोणता आवाज आजारी आहे हे आधी शोधलं तर दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी निघते. ते न शोधता सुरुवात केली तर माणूस भलत्याच भागाशी झटापट करत बसतो.

फितीवर काय कुठे असतं

जेव्हीसीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएसची फीत १२.६५ मिलिमीटर रुंद आहे. चित्र तिच्या मधल्या भागात तिरक्या रेघांमध्ये असतं. या रेघा काढण्याचं आणि वाचण्याचं काम गरगर फिरणाऱ्या ड्रमवरची हेड करतात. फितीच्या वरच्या काठाला १ मिलिमीटरचा एक सरळ पट्टा असतो. हा मूळचा, साधा आवाज, आणि यंत्रावर त्याला बहुधा ‘नॉर्मल’ म्हटलेलं असतं. खालच्या काठाला पाऊण मिलिमीटरचा दुसरा पट्टा असतो, त्याला कंट्रोल ट्रॅक म्हणतात. त्यात आवाज नसतो, ठरावीक अंतराने ठोके असतात. फीत किती वेगाने ओढायची आणि ड्रमची हेड नेमकी रेघेवर कशी आणायची, हे यंत्र त्या ठोक्यांवरून ठरवतं.

हे दोन्ही काठ एकच स्थिर हेड वाचतं. ते ड्रमच्या उजवीकडे, ड्रम आणि फीत दाबून ओढणारा रबरी पिंच रोलर यांच्या मध्ये असतं. वरचा भाग आवाजाचा, खालचा कंट्रोलचा.

साध्या आवाजाची मूळ अडचण वेगाची आहे. पाल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीत फीत सेकंदाला फक्त २३.३९ मिलिमीटर सरकते, एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या पद्धतीत ३३.३५. गाण्याची साधी ऑडिओ कॅसेट सेकंदाला ४७.६ मिलिमीटर धावते. म्हणजे पालच्या व्हीसीआरमध्ये आवाजाला त्याच्या निम्माही वेग मिळत नाही, आणि एलपीवर, म्हणजे दुप्पट वेळ भरणाऱ्या मंद वेगावर, तर त्याचाही निम्मा. फीत जितकी हळू सरकेल तितके तीव्र सूर दाटीवाटीने लिहिले जातात आणि वाचताना निसटतात. म्हणून साधा आवाज मुळातच थोडा मंद असतो. त्याच्याकडून हाय-फायसारखी चमक मागण्यात अर्थ नाही.

दुसरा आवाज हाय-फायचा. व्हीएचएसमध्ये तो १९८४ च्या सुमारास आला. हा आवाज ड्रमवरच्याच वेगळ्या हेडने लिहिला जातो. पालचा ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो, त्याचा व्यास ६२ मिलिमीटर, त्यामुळे हेड आणि फीत यांच्यातला वेग सेकंदाला सुमारे ४.८ मीटर होतो. काठावरच्या पट्ट्याच्या तुलनेत हा दोनशेपट आहे. आवाजाची हेड फितीच्या लेपात खोलवर लिहितात आणि लगेच मागून चित्राची हेड वरच्या थरात चित्र लिहितात. एकाच जागी दोन मजले. दोघांची मिसळ होऊ नये म्हणून हेडच्या फटी वेगवेगळ्या कोनात कललेल्या असतात, चित्राच्या ६ अंश आणि आवाजाच्या ३०.

वरचा मजला लिहिताना खालचा थोडा पुसला जातो. म्हणून हाय-फायचा संकेत, म्हणजे सिग्नल, चित्राच्या मानाने अशक्त असतो, आणि चित्र झकास दिसत असताना हाय-फाय तेवढा घरघरतो. हे लक्षात ठेवलं तर पुढची बरीच कोडी आपोआप सुटतील.

झाकण उघडण्याआधी

तीन चाचण्या, एकाही हत्याराशिवाय.

कॅसेट थांबवा आणि व्हीसीआरमधूनच एखादी वाहिनी लावा. ट्यूनर निरुपयोगी झाला असेल तर मागच्या इनपुटला दुसरं कुठलंही यंत्र जोडा. त्याचा आवाज टीव्हीवर नीट आला, तर व्हीसीआरच्या आऊटपुटपासून टीव्हीपर्यंतचा रस्ता ठीक आहे आणि दोष फीत वाचण्यात आहे. तो आवाजही आला नाही, तर हेडला हात लावू नका. केबल, सॉकेट आणि टीव्हीची सेटिंग्ज बघा. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. व्हीसीआर मोनो असून टीव्ही स्टिरिओ असेल तर एकाच बाजूने आवाज येणं स्वाभाविक आहे, त्यासाठी एकाच्या दोन करणारी केबल लागते. जुन्या सॉकेटवर गंज चढतो. पिन घालून चार-पाच वेळा गोल फिरवली की बरेचदा आवाज परत येतो, आणि आला तर दोष तिथेच होता.

अँटेनाच्या केबलने टीव्हीला जोडलं असेल तर आणखी एक शक्यता आहे. व्हीसीआर तेव्हा स्वतःच एक छोटी वाहिनी बनून आवाज चित्राच्या शेजारच्या लहरीवर पाठवतो. हे अंतर देशोदेशी वेगळं आहे: पाल-बीजीत ५.५ मेगाहर्ट्झ, पाल-आयमध्ये ६, डीकेमध्ये ६.५, एनटीएससीत ४.५. एका देशाचा व्हीसीआर आणि दुसऱ्या देशाचा टीव्ही असेल तर चित्र उत्तम दिसतं आणि आवाजाच्या जागी नुसती सूं सूं ऐकू येते. टीव्हीच्या मेनूत आवाजाची पद्धत बदलून बघा. त्याहून बरं म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलने जोडा. अँटेनाच्या रस्त्याने स्टिरिओ बहुधा येतच नाही.

दुसरी चाचणी म्हणजे वेगळी कॅसेट, आणि शक्यतो कारखान्यात भरलेली. एकच कॅसेट त्रास देत असेल तर यंत्राला दोष देऊ नका.

तिसरी चाचणी सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित. हाय-फाय यंत्राच्या रिमोटवर ‘ऑडिओ मॉनिटर’ किंवा तशा नावाचं बटण असतं. ते दाबत गेलं की हाय-फाय, डावा, उजवा, नॉर्मल असं चक्र फिरतं. काही यंत्रांवर ‘मिक्स’ही असतं. नॉर्मल लावा आणि ऐका. मग हाय-फाय लावा आणि ऐका.

हाय-फाय खराब आणि नॉर्मल ठीक, तर दोष ड्रम, ट्रॅकिंग (ड्रमची हेड नेमकी रेघेवर आणणं) किंवा ड्रमभोवतीचा फितीचा मार्ग यांत आहे. नॉर्मल खराब आणि हाय-फाय ठीक, तर स्थिर हेड, पिंच रोलर किंवा फितीचा काठ. दोन्ही सारखेच खराब, तर पुढची इलेक्ट्रॉनिक्स किंवा केबल.

बटण ‘मिक्स’वर राहून गेलं असेल तर दोन्ही आवाज एकमेकांवर पडून बोलणं पोकळ वाटतं. ‘डावा’वर अडकलं असेल तर अर्धंच संगीत ऐकू येतं. मागून नवा आवाज चढवलेली, म्हणजे ऑडिओ डब केलेली कॅसेट असेल तर अजून एक गंमत घडते. डब केलेला आवाज फक्त काठावरच्या पट्ट्यावर जातो, कारण हाय-फाय बदलायचा तर चित्रही पुसावं लागतं. अशी कॅसेट हाय-फायवर लावली की जुनाच आवाज येतो आणि नवा हरवला असं वाटतं. तो हरवलेला नसतो, नॉर्मलवर असतो.

नॉर्मल आवाज मंद, दबका किंवा गायब

यात पहिला संशयित म्हणजे स्थिर हेडवरची घाण. फितीचा तपकिरी लेप झिजून हेडवर बसतो. आवाजाचा पट्टा आणि हेड यांच्यात धुळीएवढंही अंतर पडलं तरी आधी तीव्र सूर जातात: स, श, झांजा, पाण्याचा आवाज. मग सगळंच हळू होतं. त्याच वेळी काउंटरकडे बघा. बहुतेक नव्या यंत्रांत मिनिटं-सेकंद दाखवणारा काउंटर कंट्रोल ट्रॅकच्या ठोक्यांवर चालतो. फीत चालू असून काउंटर थबकत असेल, चित्रात अधूनमधून पट्टी येत असेल आणि आवाजही पडला असेल, तर त्याच हेडचे दोन्ही भाग मळलेत किंवा फीत त्याच्यासमोरून वर-खाली सरकते आहे. बरीच यंत्रं ठोके मिळेनासे झाले की आवाज स्वतःहून बंद करतात.

साफ करण्याआधी प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहतो. २३० व्होल्टच्या विजेवर त्यात सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असू शकतात, तेव्हा त्या कोपऱ्यात बोट, स्क्रूड्रायव्हर काहीही नेऊ नका.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची कांडी घ्या. कांडी ओली हवी, ठिबकणारी नको. स्थिर हेडचा चकचकीत चेहरा हलक्या हाताने पुसा, तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत कांड्या बदलत राहा. मग कॅपस्टन, म्हणजे पिंच रोलरसमोरचा उभा पोलादी दांडा, आणि फीत टेकते ते सगळे खांब पुसा. रबरी रोलरला अल्कोहोल पुन्हा पुन्हा लावलं तर रबर कोरडं पडतं. त्याला साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेलं फडकं पुरतं. दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, मगच कॅसेट घाला.

दुकानात मिळायची ती कोरडी क्लीनिंग कॅसेट शक्यतो टाळावी. तिची खरखरीत फीत घाणीबरोबर हेडही घासते. फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, तिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. त्यानंतर हेड झिजलं की बदली मिळणं अवघड आहे.

हेड चकाचक केलं तरी आवाज दबकाच असेल तर अझिमथ बघावा लागतो. अझिमथ म्हणजे हेडची उभी फट फितीला किती काटकोनात आहे ते. हे प्रकरण किती नाजूक आहे ते आकड्यांनी कळतं. पालच्या वेगाला १० किलोहर्ट्झचा सूर फितीवर फक्त २.३ मायक्रॉन लांब असतो. हेड एका अंशाचा दहावा भाग जरी कललं, तरी १ मिलिमीटर पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकात १.७ मायक्रॉनचा फरक पडतो. एकाच लाटेचा चढ आणि उतार एकाच वेळी वाचला जातो, ते एकमेकांना मारतात आणि तो सूर सुमारे १० डेसिबलने पडतो. १ किलोहर्ट्झची लाट मात्र दहापट लांब असल्यामुळे तिला काही होत नाही. म्हणून अझिमथ चुकला की शब्द कळतात, पण आवाज उशीखालून येतो.

स्थिर हेडच्या बैठकीवर साधारण तीन स्क्रू असतात: उंची, पुढे-मागे झुकाव आणि डावी-उजवीकडची कल, म्हणजेच अझिमथ. शेजारी एक निमुळता नट असतो, तो हेड ड्रमपासून जवळ-लांब सरकवतो. त्याला बिलकुल हात लावू नका, ट्रॅकिंग बिघडेल. कोणता स्क्रू अझिमथचा हे यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून खात्री केल्याशिवाय काही फिरवू नये. खात्री झाली की स्क्रूच्या खाचेपासून बैठकीवर मार्करने रेघ मारा, नॉर्मल आवाज लावा, तीव्र सूर भरपूर असलेला भाग निवडा आणि अगदी थोडं फिरवून ऐका. पाव फेरीच्या पुढे जायची वेळ आली तर दोष दुसरीकडे आहे. हे काम चालू विजेवर होतं, म्हणून स्क्रूड्रायव्हर बिनलोखंडी आणि मुठीला प्लॅस्टिक असलेला हवा, आणि मनगटात कडं, बोटात अंगठी नको. आणखी एक धोका: ज्या कॅसेटवर ऐकून तुम्ही जुळवणी केली तिचंच रेकॉर्डिंग वाकड्या हेडचं असेल, तर बाकीच्या सगळ्या कॅसेट बिघडतील. कारखान्यातल्या दोन-तीन वेगवेगळ्या कॅसेटवर पडताळा, नाहीतर मारलेल्या रेघेवर परत या.

आवाज डोलत असेल, म्हणजे स्वर लांबताना लाटेसारखा वर-खाली होत असेल, तर तो हेडचा दोष नाही. पिंच रोलर कडक आणि काचेसारखा चकचकीत झाला की फीत घसरते. असा रोलर पुसून सुधारत नाही, बदलावा लागतो. तो वेळेवर बदलणं महत्त्वाचं, कारण बिघडलेला रोलर फितीला वर किंवा खाली ढकलतो, काठ खांबाच्या कडेवर चुरगळतो, आणि वरचा काठ म्हणजे नेमका आवाजाचा पट्टा. तीस रुपयांच्या किंवा तीन हजारांच्या कॅसेटमध्ये रोलरला फरक कळत नाही, आणि एकदा चुरगळलेला काठ कोणत्याही यंत्रात नीट वाजत नाही.

फीत चुरगळलेली आहे की यंत्र खराब, हे ओळखायची एक खूण आहे. स्थिर हेड ड्रमपासून ७९.२ मिलिमीटर पुढे असतं. पालच्या वेगाने हे अंतर कापायला फितीला जवळपास साडेतीन सेकंद लागतात, एनटीएससीत सुमारे २.४. तेव्हा चित्रातली पट्टी निघून गेल्यावर तेवढ्या सेकंदांनी आवाज खचत असेल, आणि दर वेळी त्याच जागी असं होत असेल, तर फितीलाच चुणी पडलेली आहे. तिथे हाय-फाय असेल तर तो मात्र चित्राबरोबरच अडखळतो.

आवाज सगळाच जाडाभरडा आणि संथ येत असेल तर कॅसेट एनटीएससीची आणि यंत्र निव्वळ पालचं असू शकतं. ३३.३५ च्या जागी २३.३९ ने चाललेला आवाज सत्तर टक्के वेगाचा होतो. याला दुरुस्ती नाही, दोन्ही पद्धती चालवणारं यंत्र हवं.

हाय-फायची घरघर

ड्रमच्या समोरासमोरच्या दोन हेडमध्ये सतत पाळी बदलत असते. पालमध्ये सेकंदाला ५० वेळा, एनटीएससीत ६०. पाळी बदलताना दोन तुकडे नीट जुळले की कानाला कळत नाही. संकेत कमी पडला की प्रत्येक जोड टोचतो आणि बोलण्यामागे माशी घोंगावल्यासारखी घरघर येते. संकेत आणखी पडला की यंत्र हाय-फाय सोडून नॉर्मलवर जातं, जरा सुधारला की परत येतं. स्टिरिओ आवाज अचानक बसका होऊन पुन्हा खुलतो, आणि पुढच्या पट्टीवरचं ‘हाय-फाय’ अक्षर लुकलुकतं. हे दिसलं की निदान झालंच म्हणायचं.

पहिला उपाय ट्रॅकिंगचा. स्वयंचलित ट्रॅकिंग बहुधा चित्राचा संकेत बघून थांबतं, आणि चित्राची सर्वोत्तम जागा आवाजाचीही असेल असं नाही. ट्रॅकिंगची बटणं एकेक पायरी दाबून घरघर कमीत कमी कुठे होते ते ऐका. चित्र किंचित खरबरीत झालं तरी चालेल.

त्याने भागलं नाही तर ड्रमची हेड साफ करायची, आणि इथे कापसाची कांडी सक्त मना. हेडचं टोक फेराइटचं, काचेसारखं ठिसूळ आणि इतकं बारीक असतं की कापसाचा धागा त्यात अडकून ते तुटू शकतं. शॅमॉय कातडं किंवा धागे न सुटणारं फडकं अल्कोहोलने ओलं करा, ड्रमच्या बाजूला सपाट, अगदी हलकं टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून पकडून चार-पाच फेऱ्या फिरवा. कातडं हलवायचं नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली तर कधीच घासायचं नाही. ड्रमच्या चकचकीत बाजूला बोट लागू देऊ नका.

तरीही घरघर राहिली तर कोणत्या कॅसेटवर येते ते मांडून बघा. एकाच कॅसेटवर येते, तर ती ज्या यंत्रात भरली त्याची जुळवणी चुकलेली होती. दुसरं यंत्र मिळालं तर त्यात ती स्वच्छ वाजूही शकते. याच यंत्रात भरलेल्या कॅसेट ठीक आणि बाहेरच्या सगळ्या घरघरतात, तर ड्रमच्या दोन्ही बाजूंचे गाइड खांब हललेत. त्यांची जुळवणी ऑसिलोस्कोपवर संकेताची आकृती बघत करतात. कानाने करू नका, जाणकाराकडे द्या. स्वतः भरलेल्यासह सगळ्याच घरघरत असतील तर हेड झिजलेली असण्याची शक्यता मोठी.

गुणगुण आणि जुनं रेकॉर्डिंग

सारखी एकसुरी गुणगुण येत असेल तर कॅसेट थांबवून बघा. थांबवल्यावरही चालू राहिली तर फितीचा संबंध नाही. अँटेना किंवा केबल टीव्हीची वायर व्हीसीआरमधून काढा. गुणगुण गेली तर दोन जागच्या अर्थिंगमधून प्रवाह फिरत होता. तेवढ्याने गेली नाही आणि यंत्र जुनं असेल तर पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. आवाजाच्या भागातले सुकले तर गुणगुण येतेच असं नाही, पण खर्ज जातो किंवा आवाज क्षीण होतो. यंत्र तापल्यावर आवाज सुधारतो आणि थंड असताना बसलेला असतो, ही सुकलेल्या कपॅसिटरची ठळक खूण. ते बदलणं डाग देता, म्हणजे सोल्डरिंग करता, येणाऱ्याचं काम.

बाहेरच्या कॅसेट छान वाजतात आणि स्वतः भरलेल्यात नव्या आवाजामागे जुना पुटपुटतो, तर ड्रमच्या आधी असलेलं पुसणारं हेड काम करत नाही. सोबत चित्रात इंद्रधनुषी पट्टे सरकताना दिसले तर शंका उरत नाही. ते हेडही आधी पुसून बघा.

फितीवर किंवा रिळाच्या बाजूला पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट एकदाही लावू नका, ती हेड बुजवते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या डब्यात ठेवा. हाताळताना तोंडाला मास्क बांधा.

एखाद्या कॅसेटचं संगणकावर रूपांतर करणार असाल आणि तिच्यात दोन्ही आवाज असतील, तर ती दोनदा वाजवून दोन्ही वेगळे भरून घ्या, एकदा हाय-फाय आणि एकदा नॉर्मल. हाय-फाय जिथे तुटतो तिथे नॉर्मल बहुधा शाबूत असतो. नॉर्मलचा तेवढाच तुकडा चित्राशी जुळवून तिथे बसवता येतो.